वाचक विचारतात : खगोल मंडळाची दुर्बीण, अंधार आणि रांग

या वेळी आलेल्या पत्रांत लहान गावांतल्या नव्या खगोल मंडळांची पत्रे बरीच आहेत. दुर्बीण कोणती घ्यावी इथपासून सभासद का गळतात इथपर्यंत सगळे प्रश्न त्यांत आहेत. उत्तरे आकाशदर्शनाचे कार्यक्रम चालवणाऱ्या आणि दुर्बिणी बनवणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचा बारा-तेरा जणांचा गट आहे. वर्गणीतून एकच दुर्बीण घेता येईल. दुकानदार तिपाईवरची, ७६ मिलिमीटर व्यासाची आणि ‘५२५ पट मोठे दाखवणारी’ दुर्बीण सुचवतो. एका सभासदाचा आग्रह आपोआप तारे शोधणाऱ्या संगणकीय दुर्बिणीचा आहे. काय घ्यावे? (वाळवा, जि. सांगली)

उत्तर : खोक्यावरचा ‘५२५ पट’ हा आकडा पाहून खरेदी करू नका. दुर्बिणीची ताकद तिच्या आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासावर ठरते. उपयोगी पडेल असे वर्धन ढोबळमानाने व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुप्पट असते. ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीत १५० पटींच्या पुढे गेलात की प्रतिमा फक्त मोठी आणि गढूळ होत जाते. त्याहून मोठा दोष तिच्या तिपाईत असतो. पत्र्याचे पाय इतके हलके असतात की फोकसच्या चाकाला हात लावला तरी शनी दोन-तीन सेकंद नाचत राहतो. अशा दुर्बिणी घरोघरी माळ्यावर पडून असतात त्याचे कारण हेच.

गटासाठी १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच व्यासाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) न्यूटनी, म्हणजे आरशाची, दुर्बीण डॉब्सोनियन बैठकीवर घ्या. ७६च्या तुलनेत ती जवळजवळ चौपट प्रकाश गोळा करते. बैठक म्हणजे जमिनीवर ठेवायचे लाकडी खोके. नळी हाताने वर-खाली आणि गोल फिरवायची. रस्त्यावरच्या माणसाला आकाश दाखवता यावे म्हणून अमेरिकेत जॉन डॉब्सन यांनी ही रचना रूढ केली, आणि मंडळांच्या कामाला आजही हीच सर्वांत सोयीची आहे. नळी आणि आरसे मिळाले तर बैठक गावातला सुतार बनवू शकतो. १८ मिलिमीटरचा प्लायवूड, खोक्याच्या तळाला खालच्या बाजूने सनमायका आणि त्याखालच्या जमिनीवरच्या फळीवर १२० अंशांवर टेफ्लॉनचे तीन तुकडे, बरोबर त्या फळीच्या पायांच्या वर. फिरवताना झटके बसत असतील तर सनमायका फार गुळगुळीत आहे किंवा टेफ्लॉनचे तुकडे गरजेपेक्षा मोठे आहेत असे समजा. खडबडीत पोताची सनमायका जास्त चांगली चालते.

सुरुवातीला २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगे, पुरतात. वर्धन म्हणजे दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे, त्यामुळे अनुक्रमे ४८ आणि १२० पट. आठ इंची दुर्बीण जास्त दाखवते, मात्र वजन बरेच वाढते. शिवाय बहुतेक आठ इंची दुर्बिणी १२०० मिलिमीटरच्याच असल्याने आरशांची जुळणी थोडीशी बिघडली तरी प्रतिमा लगेच खराब होते. दोन जणांना ती उचलून एसटीत किंवा रिक्षात चढवता येईल का, याचा विचार आधी करा.

संगणकीय दुर्बीण पहिली म्हणून नको. तिला दर वेळी दोन-तीन तारे ओळखून दाखवावे लागतात, म्हणजे तारे ओळखता आलेच पाहिजेत. माळरानावर बॅटरी उतरली की त्या रात्रीचे काम थांबते. आणि गटातला एक जण बटणे दाबतो, बाकीचे बघे होतात. हातानेच देवयानीची दीर्घिका शोधायची ठरवली तर दोन महिन्यांत सगळ्यांना शर्मिष्ठा आणि महाश्व तोंडपाठ होतात.

पैसे उरले तर १०×५०च्या (१० पट वर्धन, ५० मिलिमीटर व्यास) दोन द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणी, घ्या. दुकानातच तपासा. डोळ्यांपासून हातभर लांब धरून उजेडाकडे पाहिले की नेत्रिकेत दिसणारे प्रकाशाचे वर्तुळ पूर्ण गोल हवे. ते कापलेले किंवा चौकोनी दिसले तर आतले लोलक हलक्या प्रतीचे आहेत. मग लांबच्या इमारतीची कड पाच मिनिटे पाहा. डोळ्यांवर ताण आला किंवा कड दुहेरी दिसली तर ती द्विनेत्री परत द्या.

प्रश्न : समुद्रापासून फार लांब नसल्याने आमच्याकडे हवा कायम दमट. मागच्या पावसाळ्यानंतर दुर्बिणीच्या आरशावर जाळीसारखे पांढरट डाग दिसू लागले. कापडाने पुसावे का? (फोंडा, गोवा)

उत्तर : कापड अजिबात लावू नका. डाग बुरशीचे आहेत. आरशाचा ॲल्युमिनियमचा लेप काचेच्या वरच्या पृष्ठभागावर असतो आणि तो मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. कोरड्या कापडाने पुसला की धुळीचे कण त्यावर ओरखडे ओढतात आणि ते कायमचे राहतात.

आरसा खोबणीसकट काढा, मग खोबणीतून सोडवा. हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या आधी काढा. प्लास्टिकच्या पसरट टबात तळाला जाड टॉवेल अंथरून आरसा लेपाची बाजू वर करून ठेवा. कोमट पाण्याच्या हलक्या धारेने सुटी धूळ आधी वाहून जाऊ द्या. मग पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब टाकून आरसा १५ मिनिटे बुडवून ठेवा. औषधाच्या दुकानातला शुद्ध कापूस पाण्याखाली आरशावर ठेवून फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाने एका दिशेने ओढा. दाब द्यायचा नाही, गोल फिरवायचे नाही, आणि दर ओढीला नवा बोळा घ्यायचा. शेवटची धुणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याची, कारण बोअरच्या पाण्यातला क्षार सुकताना डाग ठेवतो. मग आरसा कडेवर तिरका उभा करून सुकवा. उरलेले थेंब टिपकागदाच्या टोकाने शोषून घ्या. बुरशी जिथे लेपात खोल गेली आहे तिथे खुणा राहतील. आरशाच्या अगदी थोड्या भागात असतील तर प्रतिमेत फरक जाणवत नाही. फार पसरल्या असतील तर लेप पुन्हा चढवून घ्यावा लागतो.

नेत्रिका मात्र घरी खोलू नका. आतल्या भिंगांचा क्रम आणि बाजू एकदा उलटली की ती पुन्हा जुळणे कठीण.

आता पुढच्या पावसाळ्यासाठी. दुर्बीण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे हेच बुरशीचे सर्वांत मोठे कारण असते, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. नेत्रिका आणि आडवा आरसा (नळीच्या तोंडाजवळचा छोटा तिरका आरसा) घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ३० लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल घाला. निळे खडे गुलाबी झाले की ताटात पसरून ११०-१२० अंश सेल्सियसला दोन-तीन तास तापवा. ते पुन्हा निळे होतात. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ५०च्या खाली राहू द्या. नळी डब्यात मावणार नाही. ती सुती कापडाने झाकून हवेशीर खोलीत भिंतीपासून दूर उभी करा. निरीक्षणानंतर दुर्बीण दवाने ओली झाली असेल तर झाकणे लगेच लावू नका. खोलीत तोंड खाली करून ती पूर्ण सुकू द्या आणि मगच बंद करा.

तुमच्याकडे पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही संस्था सार्वजनिक वेधशाळा चालवत आली आहे. किनाऱ्याच्या हवेत दुर्बिणी कशा सांभाळायच्या हे त्यांना विचारता येईल.

प्रश्न : आमच्या सहा इंची दुर्बिणीत सगळ्या ताऱ्यांना एकाच बाजूला शेपूट दिसते. आरसा खराब आहे का? (अंबाजोगाई)

उत्तर : बहुधा नाही, आरशांची जुळणी बिघडली आहे. प्रवासात हे होणारच.

दिवसाउजेडी नळी आडवी ठेवा. उभ्या नळीत षटकोनी किल्ली सुटली तर ती थेट मुख्य आरशावर पडते. नेत्रिकेच्या जागी मधोमध दोन मिलिमीटरचे भोक पाडलेले झाकण बसवा आणि त्यातून पाहा. पहिली गोष्ट, आडवा आरसा नेत्रिकेच्या नळकांडीच्या मधोमध आणि गोल दिसला पाहिजे. दुसरी, आडव्या आरशाचे तीन स्क्रू थोडेथोडे फिरवून त्यात मुख्य आरशाचे पूर्ण प्रतिबिंब आणा. कडेच्या तिन्ही पकडी दिसल्या पाहिजेत. तिसरी, मुख्य आरशामागचे स्क्रू फिरवून आरशाच्या मध्यावरचा ठिपका आणि झाकणाच्या भोकाचे प्रतिबिंब एकावर एक आणा. ठिपका नसेल तर मध्य मोजून वहीच्या पानांना लावतात तशी गोल चकती चिकटवा. मधला भाग आडव्या आरशाच्या सावलीतच असतो, त्यामुळे प्रकाश कमी होत नाही.

रात्री ध्रुवताऱ्यावर १२० पटींनी खात्री करा, कारण तो जागचा हलत नाही. फोकस किंचित बिघडवला की वर्तुळे दिसतात. ती एककेंद्री हवीत. शेवटी लॉक स्क्रू आवळताना जुळणी पुन्हा सरकते, म्हणून आवळल्यावर परत पाहा. तारे त्रिकोणी दिसत असतील तर दोष वेगळा आहे : आरशाच्या पकडी फार घट्ट आहेत. आरसा आणि पकडीमध्ये कागद सहज सरकेल इतकी फट हवी.

प्रश्न : शाळेने १२० मुलांसाठी आकाशदर्शन ठेवायला सांगितले आहे. आमच्याकडे दोन दुर्बिणी आहेत. मागच्या वेळी रांगेत ढकलाढकली झाली आणि अर्ध्या मुलांना काही दिसलेच नाही. (चिपळूण)

उत्तर : एकच रांग हा या गोंधळाचा उगम. ३० मुलांचे चार गट करा आणि मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार कामे ठेवा. दर २५ मिनिटांनी गट बदला. दुर्बिणीच्या कोपऱ्यात एका वेळी ३० मुले, म्हणजे दर दुर्बिणीमागे १५. प्रत्येकाला शंभर सेकंद मिळतात. हे पुरेसे आहे.

दुसऱ्या कोपऱ्यात नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखणे. तिसऱ्यात सूर्यमालेचे मोजमाप. सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू धरला तर पृथ्वी जेमतेम सव्वा मिलिमीटरची आणि त्या चेंडूपासून १५ मीटरवर येते, गुरू १४ मिलिमीटरचा आणि ७८ मीटरवर. नेपच्यून ४५० मीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर कुठे तरी. मुलांनाच चालत जाऊन खडू ठेवायला लावा. चौथ्या कोपऱ्यात पाणी, खाऊ आणि शंका.

एका दुर्बिणीवर रात्रभर एकच वस्तू ठेवा. शुक्ल सप्तमी-अष्टमी निवडलीत तर एकीवर चंद्र, दुसरीवर गुरू किंवा शनी. अर्ध्या चंद्रावर प्रकाश-छायेच्या सीमेजवळची विवरे सर्वांत उठावदार दिसतात. पौर्णिमेची तारीख घेऊ नका. त्या दिवशी चंद्र सपाट दिसतो आणि तारेही लपतात.

आकाश तासाला १५ अंश फिरते. डॉब्सोनियनवर १०० पटीने लावलेला गुरू साधारण दोन मिनिटांत दृष्टिक्षेत्राच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. मागच्या वेळी अर्ध्या मुलांना काही न दिसण्याचे कारण बहुतेक हेच. दुर्बिणीजवळच्या सभासदाने दर मुलानंतर स्वतः एकदा पाहायचे आणि ग्रह पूर्वेच्या कडेला आणून ठेवायचा, म्हणजे तो सरकत मध्यावरून जातो. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेत हीच वेळ चार-पाच मिनिटांची होते. लहान मुलांना तीच लावा.

उंचीची अडचण असतेच. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी भक्कम स्टूल आणि त्याला धरणारा माणूस. मुलांना हात पाठीमागे धरायला सांगा, नाही तर ती नेत्रिकेला धरून लटकतात. चष्म्याचा नंबर फक्त लांबचे दिसण्यासाठी असेल तर चष्मा काढून फोकस त्या मुलाच्या डोळ्यापुरता फिरवता येतो; सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवावा. फोकसचे चाक मुलाच्या हातात द्या. ‘दिसलं का?’ असे विचारल्यावर मुले संकोचाने हो म्हणतात. त्याऐवजी ‘शनीभोवतीचं कडं कोणत्या बाजूला झुकलंय?’ असे विचारा. उत्तरावरून लगेच कळते.

मोबाइलच्या विजेऱ्यांवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने लावा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सगळी मेहनत घालवते. हिरव्या लेझरने तारे दाखवायचे असतील तर तो एकाच जाणत्या सभासदाकडे ठेवा. विमानाच्या दिशेने तो कधीही धरू नका, मुलांच्या हातात तर देऊच नका.

प्रश्न : अंधारी जागा कशी निवडावी? आणि कोणते महिने चांगले? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : अमावास्येच्या मागेपुढे चार-पाच रात्री, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये धुळीने क्षितिज मळकट होते, पण पहाटे वृश्चिक आणि धनूमधली आकाशगंगा त्याच दिवसांत पाहावी.

जागा पाहायला दिवसा जा आणि दक्षिण क्षितिज आधी तपासा. आपले अक्षांश कमी असल्याने दक्षिणेचा खजिना आपल्याला मिळतो : पुण्याच्या अक्षांशावरून अगस्त्य १९ अंशांपर्यंत चढतो, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ २४ अंशांपर्यंत, आणि त्रिशंकूचा सर्वांत दक्षिणेचा तारा जेमतेम आठ अंशांवर येतो. तुमच्याकडे प्रत्येक आकडा दीड अंशाने कमी धरा. म्हणून जवळचे मोठे गाव जागेच्या उत्तरेला असावे. दक्षिणेला असेल तर त्याची प्रभा नेमके हेच झाकते.

अंधार मोजायला कृत्तिका पुरेशा आहेत. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद. सहा तारे सहज दिसले तर ४.३ प्रतीपर्यंतचे आकाश आहे, सातवा ५.१ प्रतीचा, आठवा ५.४ प्रतीचा. कृत्तिका डोक्यावर असताना आणि डोळे सरावल्यावर अर्ध्या तासाने मोजा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. सगळे वहीत लिहा. दोन-तीन वर्षांनी याच वहीवरून गावातले नवे एलईडी दिवे किती नडले ते दाखवता येते आणि ग्रामपंचायतीशी दिव्यांना झाकणे लावण्याबद्दल बोलताना हातात पुरावा असतो. विदर्भातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथेही आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली वळवावे लागले होते.

बाकी गोष्टी थोडक्यात : जमीनमालकाची लेखी परवानगी, पोलीस पाटलांना आगाऊ कल्पना, सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो याची नोंद, चालू स्थितीतले स्वच्छतागृह. सतरंजीवर बसण्याआधी आणि अंधारात चालताना पायाखाली उजेड पाडा. लाल उजेडातही साप दिसतो. वनजमिनीवर परवानगीशिवाय रात्री थांबू नका.

प्रश्न : आमच्या मंडळात मुली नाव नोंदवतात, पण रात्रीच्या कार्यक्रमांना येत नाहीत. (नगर जिल्हा)

उत्तर : त्यांच्या घरच्यांना कार्यक्रमाची पत्रिका काय उत्तर देते ते पाहा. संयोजनात दोन तरी स्त्रिया, त्यांची नावे पत्रिकेवर. जागेवर पोहोचायचे सूर्यास्तापूर्वी आणि निघायचे उजाडल्यावर. मध्यरात्री परतीचा प्रवास ठेवू नका. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेत आले आहे ते याच सोयीने : संध्याकाळच्या लोकलने जायचे, सकाळच्या लोकलने परतायचे. विश्रांतीसाठी स्वतंत्र खोली आणि कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल तर ती जागा रद्द करा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि पहिल्या वेळी पालकांनाच सोबत बोलवा. बरेच पालक पुढे स्वतःहून येतात.

प्रश्न : मंडळ सहा वर्षे चालू आहे. चंद्र, शनी, गुरू पाहून झाले की लोक गळतात. शास्त्राला खरोखर उपयोगी पडेल असे आम्ही काही करू शकतो का? (जळगाव)

उत्तर : करू शकता, आणि सभासद टिकण्याचा तोच उपाय आहे असे आमचे ठाम मत आहे. ज्याच्याकडे नेमून दिलेले काम आहे तो येतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून चालू आहे. इतका काळ कोणतीही संस्था केवळ ‘बघा, किती सुंदर’ यावर चालत नाही.

रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होत राहणाऱ्या, ताऱ्यांपासून सुरुवात करा. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमवते आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ त्या वापरतात. पहिला तारा मायावती घ्या, म्हणजे ययाति तारकासमूहातला अल्गोल. त्याला दुर्बीण लागत नाही. तो एरवी २.१ प्रतीचा असतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद सोबती त्याच्या आड येतो आणि तो ३.४ प्रतीपर्यंत उतरतो. उतरायला सुमारे पाच तास, चढायला पाच तास.

तुलनेचे तारे ठरवून घ्या : देवयानीतला गॅमा २.१, ययातीतला एप्सिलॉन २.९, डेल्टा ३.०, कप्पा ३.८. जवळच असलेला ययातीतला रो मात्र वापरू नका. तो स्वतःच रूपविकारी आहे आणि नवशिक्यांच्या नोंदी तिथेच चुकतात. अल्गोलपेक्षा तेजस्वी एक आणि मंद एक असे दोन तारे निवडा आणि मधले अंतर मनात दहा भागांत वाटा. गॅमा ते एप्सिलॉन हे अंतर ०.८ प्रतीचे, अल्गोल त्यात साडेसात भाग खाली वाटला तर २.१ + ०.६ = २.७. दर २० मिनिटांनी एक नोंद, घड्याळातली वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणि त्यातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेत.

चुका कशा होतात तेही सांगतो. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरामुळे मंद दिसतो, म्हणून तुलनेचे तारे साधारण त्याच उंचीवरचे घ्या. कुणी आपला आकडा मोठ्याने बोलला की बाकीचे नकळत तोच लिहितात. प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर मुकाट्याने लिहायचे. आणि किमान तेजाची गणित केलेली वेळ आधी सांगू नका. ती माहीत असली की डोळा त्या वेळेला तारा मंद ‘करून’ दाखवतो. सगळ्या चिठ्ठ्या सकाळी आलेखकागदावर मांडा. पाच जणांची सरासरी घेतली तर किमान तेजाची वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या आत सापडते. आज पहाटे एकला किमान तेज दिसले तर तीन दिवसांनी ते ३ तास ११ मिनिटे आधी, रात्री पावणेदहाच्या सुमारास येईल. हे भाकीत सभासदांनी स्वतः करावे आणि स्वतःच तपासावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम.

हात बसला की वृषपर्व्यातला डेल्टा घ्या, ५.३७ दिवसांचा. मग तिमिंगलातला मायरा, सुमारे ३३२ दिवसांचा. मृगातला बेटेलज्यूज २०१९-२०च्या हिवाळ्यात साधारण अर्ध्या प्रतीवरून दीड प्रतीच्याही खाली गेला तेव्हा ज्या मंडळांकडे आधीच्या वर्षांच्या नोंदी होत्या त्यांना आपल्याच वहीत तो उतार दिसला.

डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आपल्याकडे ढगांत जातो, त्यामुळे आपल्याला हाच लाभतो. प्रत्येकाने स्वतंत्र मोजायचे, १५-१५ मिनिटांचे तुकडे पाडायचे, चहाला उठलेला वेळ वजा करायचा. सगळ्यांच्या उल्कांची बेरीज करून ‘आम्ही ४०० पाहिल्या’ असे वर्तमानपत्रात देऊ नका. एकच उल्का पाच जणांनी मोजलेली असते.

प्रश्न : पावसाळ्याचे चार महिने मंडळ बंद पडते. त्या काळात आरसा घासून दुर्बीण बनवणे जमेल का? (कराड)

उत्तर : जमेल, आणि पावसाळाच त्याला योग्य आहे. पॉलिश करताना लागणारे पिच (डांबरासारखा चिकट पदार्थ) तापमानाला फार हळवे असते. एप्रिल-मेमध्ये ते ओघळते, डिसेंबरच्या पहाटे काचेसारखे कडक होते. जुलै-ऑगस्टमध्ये खोलीचे तापमान दिवसभर जवळजवळ सारखे राहते.

१५० मिलिमीटर व्यासाच्या, २५ मिलिमीटर जाड काचेपासून सुरुवात करा. नाभीय अंतर १२०० मिलिमीटर हवे असेल तर मध्यावर १.१७ मिलिमीटर खोली यायला हवी. ८० नंबरच्या कार्बोरंडमने (काच घासायची पावडर) खोलगटपणा आणा आणि काचेवर पोलादी पट्टी उभी धरून मध्याखालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजत राहा. मग १२०, २२०, ४००, ६०० असे बारीक होत जा. दर नंबर बदलताना टेबल, बादली, हात, नखे, कपडे सगळे धुवा किंवा बदला. ८० नंबरचा एक कण ६००च्या टप्प्यात आला की लांब ओरखडा उठतो आणि दोन टप्पे मागे जावे लागते. पावडर कायम ओली ठेवा. तिची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. शेवटी पिचच्या चकतीवर सेरियम ऑक्साइडने पॉलिश आणि फूकोच्या सुरीधार चाचणीने तपासणी. तिथे घाई करू नका, आरशाची खरी गुणवत्ता तिथेच ठरते. हाताच्या उबेने काच फुगते, म्हणून तपासणीआधी आरसा किमान तासभर तसाच ठेवा. ॲल्युमिनियमचा लेप निर्वात कोठीतच चढतो. ते घरी होणार नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतलेल्या आहेत. अशा कार्यशाळेत शिकलेला एक जण सोबत असेल तर पहिला आरसा वाया जात नाही.

प्रश्न : मंडळाची नोंदणी करावी का? (परभणी)

उत्तर : देणग्या आणि सामाईक दुर्बीण असेल तर करा. किमान सात सभासद लागतात. १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली धर्मादाय कार्यालयात अर्ज होतो. त्याहून तातडीचे म्हणजे बँक खाते दोन सह्यांचे ठेवा आणि दुर्बिणीची ने-आण लिहिणारी वही करा : कोणी नेली, कोणत्या नेत्रिका दिल्या, परत आली तेव्हा काय स्थिती होती. बहुतेक मंडळांतली भांडणे हरवलेल्या नेत्रिकेवरून सुरू होतात.

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७च्या सूर्यग्रहणासाठी आतापासून काय तयारी करावी? दुर्बिणीबरोबर नेत्रिकेला लावायची एक काळी काच आली आहे, ती चालेल का? (नाशिक)

उत्तर : ती काच आजच फेकून द्या. नेत्रिकेपाशी सगळ्या आरशाची उष्णता एकवटलेली असते. काच तडकली तर डोळा मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. गाळणी नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लागते. सूर्यप्रकाशाचा एक लाखावा भागच आत सोडणारी, सूर्यासाठीच बनवलेली फिल्म घ्या, पुठ्ठ्याच्या कड्यात बसवा आणि वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टीने बांधा. नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे झाकण बंद ठेवा. ग्रहणाचा चष्मा लावून द्विनेत्रीतून पाहणे हे नुसत्या द्विनेत्रीइतकेच धोक्याचे. एक्स-रे फिल्म आणि काजळी धरलेली काच कशालाही नको.

खग्रास पट्टा त्या दिवशी स्पेन, उत्तर आफ्रिका आणि सौदी अरेबियातून जाईल. आपल्याकडे दिसलेच तर दुपारनंतर, खंडग्रास, आणि आषाढातल्या ढगांच्या फटीतून. म्हणून मोठा खर्च फिल्मवर करू नका. छोट्या आरशावर सहा मिलिमीटरचे भोक असलेला कागद चिकटवा आणि सूर्यकिरण अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडा. आरसा भिंतीपासून १५ मीटरवर असेल तर सूर्याची प्रतिमा सुमारे १४ सेंटिमीटरची पडते, आणि ढग दोन मिनिटे बाजूला झाला तरी पूर्ण वर्गाला एकदम दिसते. कोणीही आरशाकडे पाहायचे नाही. त्याच्याजवळ एक सभासद उभा ठेवा. फिल्म घेतलीच असेल तर ती गुंडाळून न ठेवता सपाट ठेवा आणि दर वापरापूर्वी दिव्यासमोर धरून टाचणीएवढी भोके शोधा. एकही सापडले तर ती बाद.